सावलीतला तेरडा, एकदाचा जमला

माझं माहेर रत्नागिरीकडचं, आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा, मुळासकट उपटून आणायचा कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. सासरी पुण्यात मुखवट्यांच्या गौरी, म्हणजे तेरड्यावाचून कुणाचं काही अडत नाही, पण मला तो दारात हवाच होता.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर, मागे मातीची जेमतेम चार फुटी पट्टी. ऊन सकाळी साडेदहापर्यंत, मग शेजारच्या आंब्याची सावली. गुलाब, शेवंती तिथे टिकलेच नाहीत. मग डोक्यात आलं, गावी तेरडा झाडांखाली, वहाळाच्या कडेला कुणी न लावता माजतो, त्याला ही जागा चालायला हवी.

गणपतीला गेले तेव्हा परसातलं बी आणलं. पिकलेलं बोंड नुसतं हात लागला तरी फट्कन फुटतं आणि बी उडतं (लहानपणी तोच उद्योग होता आमचा), म्हणून आधी मूठ मिटायची मग तोडायचं. आणि घाई बघा, फेब्रुवारीतच कोकोपीट वगैरे आणून कुंडीत पेरलं. वीतभर झाली रोपं आणि उन्हाळ्यात माना टाकून बसली, देठ नुसता पाण्याने भरलेला, कोरडी हवा सोसत नाही त्याला.

उरलेलं बी जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर पट्टीत फेकलं, वर चिमूटभर माती, बस्स. आठ-दहा दिवसांत हीऽऽ गर्दी! विरळ करायला जीव होईना पण केली. एका टोकाला प्रेमाने शेणखत जास्त घातलं तर तिथे नुसता पाला आणि लांबडी, वाकलेली झाडं, पन्हळीचं पाणी साचतं तिथली तर मुळंच कुजली. जिथे मी काहीच केलं नाही तिथली सगळ्यात ठणठणीत. मधे शेपटीवर काटा असलेल्या जाड अळ्यांनी दोन झाडं एका रात्रीत बोडकी केली, त्या हाताने उचलून टाकल्या.

ऑगस्टच्या शेवटी फुलं. नर्सरीतल्या डबल पाकळ्यांची नाही, साधी गुलाबी, मागे बारीक शेपूट, पानांच्या बगलेत लपलेली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते एका फुलाचं खरं असेल, झाड मात्र महिनाभर फुलत होतं.

गौरीला तीन रोपं मुळासकट उपटली. सासूबाईंनी काही न विचारता मुखवट्यांशेजारी तांब्यात ठेवली, हळदकुंकूही वाहिलं.

यंदा मी काहीच पेरलं नाही. फरशीच्या फटीत उगवलाय, आणि शेजारच्या काकूंच्या कढीपत्त्याच्या कुंडीतसुद्धा, त्यांना अजून सांगितलेलं नाही कुठून आला ते.