एल-प्लेट म्हणते ६४, टाच म्हणते ६६

मंडळी, मागच्या वेळी ज्या सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये उजळ रंगाच्या) प्रिसिजन बासचे, म्हणजे फेंडर कंपनीच्या जुन्या बास गिटारचे, फोटो टाकले होते, तो घरी आला. फक्त विकणाऱ्यांनी सांगितलेल्या सालचा तो नाही.

विकणारे गृहस्थ इथलेच, न्यू जर्सीचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांनीही तो ऐंशीच्या दशकात दुसऱ्याकडून घेतलेला. नेक-प्लेटवर (नेक, म्हणजे मान, बॉडीला जोडतात तिथला मागचा धातूचा पत्रा) ‘एल’ने सुरू होणारा नंबर, म्हणून ‘सिक्स्टी-फोर, प्री-सीबीएस’. जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली, त्याआधीच्या वाद्यांचा भाव वेगळाच असतो, हे तुम्हाला सांगायला नको. एल-नंबर साधारण १९६३ ते ६५चे, हेही खरं. पण प्लेट चार स्क्रूंवर बसते. चहाला उकळी येईपर्यंत बदलून होते.

खटकले ते फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे नेकवर बोटं दाबायच्या पट्टीवरचे, ठिपके. ६४चा बहुतेक काळ मातकट ‘क्ले’ ठिपके असायचे. इथे शिंपल्यासारखे चकाकत होते. ६४च्या अगदी शेवटी असे येऊ लागले, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला खोटं पाडता येत नाही. मी विचारलं, नेक काढून बघू का? गृहस्थ आनंदाने हो म्हणाले. (नाही म्हणाले असते तर मी चहा पिऊन परत आलो असतो.)

नवीन लोकांसाठी: तारा पूर्ण काढू नका. सैल करा, पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि मग स्क्रू सोडवा. तारा जागच्या जागी राहतात, गुंता होत नाही.

टाचेवर, म्हणजे नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावर, शाईचा ठसा: ५ मे ६६ सी.

इथे एक चूक मीही पूर्वी केली आहे. हे ‘५ मे’ नव्हे. पहिला आकडा तारीख नसून मॉडेलचा आहे: ५ म्हणजे प्रिसिजन, ७ म्हणजे जॅझ बास, २ म्हणजे स्ट्रॅट. तारीख फक्त महिना आणि साल. शेवटचं अक्षर नेकच्या वरच्या टोकाला, तारांच्या खाचांच्या पट्टीपाशी, रुंदी सांगतं. सी म्हणजे पावणेदोन इंच. कॅलिपर लावला, बरोबर निघाली.

म्हणजे नेक ६६चा. पण बॉडी? प्लेट खरी असून नेकच नंतर बसवलेला असू शकतो, हा वकिली मुद्दा गृहस्थांनीच काढला, आणि तो रास्त होता. म्हणून पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची झाकणपट्टी) उघडला. जुन्या बॉडी रंगवताना खिळ्यांवर टेकवत, त्यांची बारीक भोकं रंगात राहत; ६४च्या सुमारास ती पद्धत बंद झाली. इथे एकही भोक नाही, म्हणजे बॉडीही त्यानंतरची वाटते. नेकच्या खाचेत मात्र रंगवताना दांडी स्क्रूने लावत, तिच्या आकाराचा कोरा पट्टा स्वच्छ दिसतोय. काळ्या लाइटखाली (अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली) पुढची बाजू हिरवट-पिवळी उजळली, म्हणजे जुनं लॅकर. खालच्या शिंगाजवळ रुपयाएवढा काळा डाग, तिथे कुणीतरी नंतर रंग भरलाय.

मग पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग. व्हॉल्यूमवर ३०४६६१०. ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६६ साल, दहावा आठवडा, मार्चचा पूर्वार्ध. पॉटचा आकडा फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतो. फेंडरने ६६मध्ये स्टॅकपोलचा मोठा साठा घेतला आणि तो पुढे काही वर्षं वापरला. पण इथे डाख जुना, मंद करडा, कुठे दुसऱ्यांदा आयर्न टेकवल्याची खूण नाही. मार्चचा पॉट, मेचा नेक. जोडी जमते. टोनचा पॉट मात्र नवा आहे. त्यावरचा डाख चकचकीत आणि गोळ्यासारखा, घाईत मारलेला.

तर बास ६६चा, आणि खोटं बोलतेय ती एकटी प्लेट. फसवायला लावली, की दुरुस्तीत हाताला लागली ती लावली, हे बास सांगत नाही आणि मी तर्क लढवत नाही. गृहस्थांचा चेहरा जरा उतरला, पण ६६च्या हिशेबाने सौदा झाला. रंगाचा डाग आणि नवा पॉट यांचेही थोडे कापून घेतले.

शनिवारी मल्टीमीटर लावला. आवाज जात-येत होता. पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबक-गुंडाळीच्या) एका अर्ध्या भागाचं रीडिंग ५.३ किलोओहम, दुसऱ्याचं शून्य हालचाल. दोन्ही भाग सिरीजमध्ये, त्यामुळे एक गेला की सगळं गप्प. रीवाइंडला (नवी तार गुंडाळायला) पाठवायच्या आधी भिंगातून बघितलं: गुंडाळी शाबूत, तार फक्त आयलेटपाशी, म्हणजे ती जोडायच्या छोट्या कडीपाशी, सुटलेली. एक डाख. एकूण १०.७. रीवाइंड केलं असतं तर पिकअप ‘ओरिजिनल’ राहिला नसता, आणि पैसे देऊन ते नुकसान मीच केलं असतं.

डिसेंबरात हा पुण्याला न्यायचा होता, ते रद्द. फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचा की आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवीचा, हे नुसत्या नजरेने छातीठोक सांगणारे मला पटत नाहीत. ब्राझिलियन असेल तर १९९२पासून ते साइट्स (CITES, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कागदांशिवाय विमानतळावर उभं राहायची हौस नाही.

एका मित्राचा आग्रह आहे की ६६ला शोभेल अशी मोठ्या ‘एफ’ची प्लेट शोधून लाव. दिसायला बरोबर होईल. पण मग आधीच्या माणसाने केलं तेच मी करणार, फक्त जास्त अभ्यास करून. एल-प्लेट तशीच ठेवलीय. केसमध्ये एक कागद: ठसा, पॉटचा आकडा, डागाची जागा, आयलेटचा डाख आणि ‘प्लेट या बासची नाही’.

पुढच्या शनिवारी ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक सुधारणारी आतली सळई. सातव्या फ्रेटपाशी नेक जास्तच वाकलाय, आणि सळईचा फिरवायचा नट टाचेकडे असल्याने नेक पुन्हा काढावा लागेल. कापो बाहेरच ठेवलाय.