टीव्हीवर फोटोखालची नावं दिसेनात तेव्हा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीच्या गावभागातलं आमचं घरही पाण्यात होतं. अल्बम भिजले. जे फोटो हाती लागले ते वाळवून मी स्कॅन केले, आणि अण्णांनी एकेका फोटोत कोण कोण आहे ते आठवून सांगितलं. ती नावं मी प्रत्येक फोटोखाली टाइप केली. यंदा अण्णांच्या पंचाहत्तरीला सगळे जमणार होते, म्हणून ते फोटो टीव्हीवर लावायचं ठरलं. आदल्या रात्री लॅपटॉप जोडला, तर नेमकी नावंच दिसेनात.

त्याआधी थोडा वेळ काहीच दिसत नव्हतं, नुसतं ‘नो सिग्नल’. केबल ज्या पोर्टात खोचली होती, तोच एचडीएमआय रिमोटवरून निवडला तेव्हा चित्र आलं. तेही मधूनमधून काळं पडत होतं. दहा मीटरची केबल काढून सेट-टॉप बॉक्सची आखूड केबल लावली, लॅपटॉप टीव्हीशेजारी स्टुलावर ठेवला, मग ते थांबलं.

पण चित्राच्या चारही कडा कापलेल्या. खालचा टास्कबार अर्धाच, आणि फोटोखालची ओळ पार गायब. मी तासभर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो, आणि दोष तिथं नव्हताच. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडेचं चित्र वेडंवाकडं यायचं, म्हणून चित्र काचेपेक्षा जरा मोठं करून कडा झाकायचे. त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ट्यूब गेली, सपाट पडदे आले, तरी बऱ्याच टीव्हींत ते अजून चालू असतं. सिनेमा बघताना कडेचं थोडं गेलं तर कुणाला कळत नाही. इथं मात्र त्या पट्टीतच माणसांची नावं होती.

उपाय टीव्हीच्या पिक्चर मेनूत सापडला. पिक्चर साइझमध्ये १६:९ होतं, तिथं ‘जस्ट स्कॅन’ केलं आणि चित्र चौकटीत नीट बसलं. दुसऱ्या टीव्हीत याच पर्यायाला ‘स्क्रीन फिट’ म्हणतात, कुठं ‘डॉट बाय डॉट’. नाव ठाऊक नसेल तर माणूस समोरून दहा वेळा जातो. ज्यांना हा त्रास होतोय त्यांनी आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्यावा, हे मी कळकळीनं सांगतो.

नावं आली, पण पुसट. माझ्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा आणि टीव्ही १९२० बाय १०८० चा. ‘डुप्लिकेट’वर दोन्हीकडं एकच चित्र जातं, ते लॅपटॉपच्या मापाचं होतं आणि टीव्ही ते ताणून दाखवत होता. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’, म्हणजे चित्र फक्त टीव्हीवर, असं केलं, रिझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवलं. ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ सुटे वाचता येऊ लागले.

राहिला काळा रंग. कृष्णधवल फोटोंत आजीचं काळं इरकल राख फासल्यासारखं दिसत होतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतात; लॅपटॉप काळा रंग १६ या आकड्यापासून पाठवत होता आणि टीव्ही शून्याला काळा धरत होता. टीव्हीतलं ‘ब्लॅक लेव्हल’ ‘लो’ केलं, टीव्हीही सोळाला काळा धरू लागला आणि इरकल काळंभोर झालं. रात्रीचा एक वाजला होता. अण्णा जागेच होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर फोटो लावले. अण्णांच्या बारशाचा फोटो आला. बाळाच्या पाठीशी, अगदी डाव्या कडेला, बिलवर घातलेला एक हात होता. आदल्या रात्री टीव्हीनं तो कापूनच टाकला होता, आणि स्कॅन करताना लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर माझंही लक्ष गेलं नव्हतं. आत्या खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेल्या, त्या हातावर बोट ठेवलं.

“अरे, ही मिरजेची मावशी. हिचं नाव कुठाय खाली?”

अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. “लिही,” मला म्हणाले. मी तिथंच स्टुलाशी बसून ओळीच्या शेवटी मावशींचं नाव घातलं.