छतातली खिडकी आणि पहाटेचं ऊन

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एडिंबराला सूर्य ४.२६ ला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. आमच्या पुण्यात तो निदान सहापर्यंत तरी कळ काढतो. त्यात माझी खोली माळ्यावरची, खिडकी उतरत्या छतात, बरोबर उशीवर. साधा पडदा लावला तर तो काच सोडून लोंबकळत राहतो. छतातल्या खिडक्या बनवणाऱ्या वेलक्स कंपनीचा मापाचा पडदा मिळतो, पण भाड्याच्या घरात एवढा खर्च मी का करावा? शिवाय करारात अट आहे, कुठेही भोक पाडायचं नाही.

काचेला ॲल्युमिनियमची फॉइल चिकटव, असं जो तो सांगतो. रोल हातात घेऊन जिना चढत होते, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी अडवलं. त्यांचा जन्म काचकामात गेलेला. फॉइलने ऊन काचेतूनच परत फिरतं, काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेल्या कडा गार राहतात आणि दुहेरी काचेला तडा जाऊ शकतो. गडद फिल्म किंवा काचेला घट्ट चिकटलेला थर्माकोल, त्यातही तोच धोका. वर ओल अडकून लाकडाला बुरशी लागते ती वेगळीच. सामान हातात धरून जिन्यातच त्यांनी हे सगळं समजावलं. आपल्याकडे असं अडवलं असतं तर मी भोचक म्हटलं असतं, हेही खरं.

कोकणात स्वयंपाकघरावर एखादंच काचेचं कौल असतं. उजेड किती घ्यावा हे आपल्या लोकांना कळत होतं, असं मी त्यांना सुनावलं. ते म्हणाले, डिसेंबरात बोलू. डिसेंबरात इथे पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. मी विषय बदलला.

शेवटी उजेड पूर्ण अडवणारं ब्लॅकआउट कापड आणलं, पांढरी बाजू बाहेर. खिडकी उघडली की वरच्या पट्टीवर मापाचा कोड दिसतो. माझा एमके०४, म्हणजे ७८ बाय ९८ सेंमी. पण ते बाहेरच्या चौकटीचं माप, कापड आतलं माप घेऊनच कापायचं. लाकडी चौकटीला वेल्क्रो, काचेपासून थोडी फट, वरची हवेची झडप मोकळी. पुठ्ठा-प्लायवूड नाही, कारण झोपेत डोक्यावर पडेल ते हलकंच हवं. आग लागली तर हीच बाहेर पडायची वाट, म्हणून एका हिसक्यात निघेल इतपतच चिकटवलंय. दिवसा काढून ठेवते. उकाडा मात्र याने फारसा थांबत नाही. ऊन काचेतून आत आलं की आलंच, त्याला पडदा बाहेरून हवा. छतावर चढण्याइतकी मला झोप प्यारी नाही.

घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीला कळवलेलं नाही. भोक पाडू नका म्हणाले होते, पाडलेलं नाही.