तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशननंतर अँटिबायोटिकच्या गोळ्या का नाही दिल्या?

लालबागला आमच्या चाळीत कुणाचं ऑपरेशन झालं की चार दिवसांत हा प्रश्न माझ्या दाराशी येतो. परवा शेजारचा मुलगा आला. त्याच्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली, घरी सोडलं, आणि कागदावर फक्त दुखण्याची गोळी. "मावशी, अँटिबायोटिक लिहायला विसरले का हो? एकच इंजेक्शन दिलं, तेही ऑपरेशनच्या आधी!" खिशात केमिस्टकडून आणलेली सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पट्टी होती. म्हणे, खबरदारी म्हणून.

मी सत्तावीस वर्षं ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स होते. हे इंजेक्शन हजारो वेळा भरून भूलतज्ज्ञांच्या हातात दिलंय. म्हणून सांगते, विसरले नाहीत. बरोबर केलंय.

चीर दिली की आपल्याच कातडीवरचे जंतू आत जातात. त्या क्षणी औषध तिथल्या मांसात आधीच पोचलेलं हवं. बांगड्याला मीठ-हळद आणल्या आणल्या लावतो ना आपण? वास सुटल्यावर लावून काय उपयोग! अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एका हॉस्पिटलात 2,847 पेशंट तपासले होते, 1992 साली तो अभ्यास छापून आला. चीर देण्याआधीच्या दोन तासांत ज्यांना औषध मिळालं, त्यांच्यात जखम पिकण्याचं प्रमाण 0.6 टक्के. त्याहून आधीच देऊन ठेवलं त्यांच्यात 3.8, आणि चीर दिल्यावर तीन तास उलटून गेल्यावर दिलं त्यांच्यात 3.3 टक्के. आता बहुतेक ठिकाणी चीर देण्याआधीच्या एका तासात द्यायचं असा नियम आहे. नेहमीचं औषध सेफाझोलिन, मोठ्या माणसाला 2 ग्रॅम, वजन 120 किलो किंवा जास्त असेल तर 3. ऑपरेशन चार तासांपलीकडे गेलं किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं, तर टेबलावरच पुन्हा एक डोस.

ही वेळ किती मोलाची, ते मी एका पेशंटमुळे शिकले. नोकरीची सुरुवातीची वर्षं. वॉर्डात सकाळी सातलाच यादीतल्या सगळ्यांना इंजेक्शन देऊन टाकायचे. त्या दिवशी पहिली केस लांबली, दुसरी त्याहून लांबली, आणि तिसऱ्या बाईंना आत घेतलं तेव्हा बारा वाजून गेले होते. कागदावर टिक होती. मी टिक पाहिली, वेळ पाहिली नाही. सहाव्या दिवशी त्यांचे टाके पिकले. त्याचमुळे पिकले असं मी म्हणू शकत नाही, पण त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. पुढे 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरीची चेकलिस्ट आली. चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, आणि त्यात एक प्रश्न हाच: गेल्या 60 मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का? तो प्रश्न मी रिटायर होईपर्यंत मोठ्याने विचारला, सर्जन घाईत असले तरी.

सिझेरियनलाही पूर्वी बाळाची नाळ कापल्यावर इंजेक्शन द्यायचे, औषध बाळाला जाईल या भीतीने. आता चीर देण्याआधीच देतात, कारण आईची जखम आणि गर्भाशय त्याने जास्त सुरक्षित राहतं.

मग पाच दिवस गोळ्या घेतल्या तर बिघडलं कुठे? बिघडतं. टाके घातल्यावर त्या गोळ्यांनी जखमेचा धोका आणखी कमी होत नाही. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी ठेवली असली तरी नुसतं तेवढं कारण पुरत नाही. उलट पोटातले चांगले जंतू मरतात, जुलाब लागतात, काहींच्या किडनीवर ताण येतो. आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात. आपल्याकडे एका खोलीत पाच माणसं, एकच मोरी. ते जंतू एकाच माणसापाशी राहत नाहीत.

एक मात्र नीट ध्यानात ठेवा. अपेंडिक्स फुटलं, पोटात पू झाला, तर ती खबरदारी नसते, तो उपचार असतो. तिथे डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्यायचंच. माझं ऐकून ते बंद करू नका.

टाके पिकू नयेत म्हणून खरं काही करायचं असेल तर साखर ताब्यात ठेवा, तंबाखू-विडी आधीच सोडा. आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस काढू नका. बारीक ओरखडे पडतात आणि जंतू तिथेच बसतात. गरज असेल तर हॉस्पिटलात मशीनने काढतात. आणि भाताने पू होत नाही हो! माणूस आजारातून उठतोय, त्याला पोटभर वरणभात जेवू द्या.

सेफिक्झिम 2014 पासून शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे कडक नियम लावलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि चिठ्ठीवर विकलं तरी वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची. ती पट्टी मी त्या मुलाला परत करायला लावली. बाबांच्या जखमेवर मात्र लक्ष ठेव म्हटलं. लाली पसरत गेली, गरम लागली, पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी सर्जनना दाखव. जाळी आहे, तेव्हा तीन महिने हे डोक्यात ठेव.