दाखला नाही मिळाला, पण शाळेत मदत मिळाली : मुलाच्या एडीएचडीचा माझा अनुभव

मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलता, उतावीळपणा) आहे, तर ओळखीतल्या बऱ्याच आया विचारतात शाळेला मदतीसाठी कसं तयार केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, ठाण्यात स्टेट बोर्डाची सेमी इंग्लिश शाळा, वर्गात साठेक पोरं. दुसरीपासून डायरीत लाल पेनाने काहीतरी असायचंच, वही अपूर्ण, लक्ष नाही, शेजारच्याला त्रास देतो, पेन्सिल हरवली. घरी सासूबाई म्हणायच्या याचा बाप पण असाच होता, काही झालेलं नाहीये त्याला. (बाप असाच होता हे खरंय, आणि एडीएचडी बरेचदा घराण्यातच असतो असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नवरा एकदम गप्प.)

निदान बालमानसोपचार तज्ज्ञांनी केलं, आणि ते काही एका भेटीत होत नाही. एक फॉर्म पालकांचा, एक वर्गशिक्षकांचा, कारण लक्षणं घरी पण आणि शाळेत पण दिसावी लागतात, कमीत कमी सहा महिने, आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली. नुसतं घरी मस्ती करतो म्हणून कोणी एडीएचडी लिहून देत नाही. बाईंचा फॉर्म इंग्रजीत होता, तो त्यांच्या पर्समध्येच पडून राहिला, मग मीच एक दिवस शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ बसले, एकेक प्रश्न मराठीत सांगत गेले आणि त्या कधीतरी, बरेचदा, नेहमीच असं टिक करत गेल्या. समोरून बोललं तरी ऐकत नाहीये असं वाटतं का, या प्रश्नावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "अहो वाटतं तसं, पण परवा मी मुद्दाम मध्येच उठवलं तर बरोबर उत्तर दिलं की, बघत होता खिडकीबाहेर." माझ्या मते अर्धं काम त्या दिवशीच झालं, रिपोर्ट नंतर आला.

रिपोर्ट घेऊन मुख्याध्यापिका मॅडमकडे गेलो. त्यांनी वाचला, परत दिला आणि म्हणाल्या दिव्यांगत्वाचा दाखला आणा, मग सवलतीचं बघू. आता इथे सगळे अडकतात म्हणून नीट सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचायला अडचण), डिसग्राफिया (लिहायला अडचण) वगैरे, पण एडीएचडी असं वेगळं नाव त्यात नाही. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक हे जे सगळं आपण ऐकतो ते त्या दाखल्यावर चालतं. एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता असणारी मुलं बरीच असतात आणि याचं अक्षर म्हणजे आनंदच, त्यामुळे तपासून घ्यायलाच हवं होतं. अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, आणि मिळाला तरी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी परत तपासणी करावी लागते, तेव्हा दुसरीतल्या मुलासाठी कोणी धावपळ करत असेल तर थोडं थांबा.

सरकारी हॉस्पिटलमध्ये नंबर लावला. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग लिहिण्या-वाचण्याच्या आणि गणिताच्या चाचण्या, प्रत्येकाची तारीख वेगळी, मध्ये शाळेचं बोनाफाईड, प्रगतिपुस्तकं, वह्यांचे झेरॉक्स. मी हाफ डे टाकून टाकून थकले. तो मात्र खूश, शाळा बुडायची आणि वर कँटीनचा वडापाव. शेवटी निकाल काय, तर अध्ययन अक्षमता नाही. म्हणजे दाखला नाही. रडावं की पेढे वाटावे तेच कळेना.

डॉक्टरांना म्हटलं आता शाळेला काय दाखवू, तर त्यांनी उलट विचारलं, तुम्हाला शाळेकडून नक्की काय हवंय ते सांगा. आणि खरंच, चौथीतल्या पोराला लेखनिक कुठे हवा होता, त्याला दारापासून लांबचा बेंच हवा होता. त्याला कुठला दाखला लागतो? मग डॉक्टरांनी लेटरहेडवर निदान आणि वर्गात काय केलं तर फरक पडेल ते लिहून दिलं, मी त्याला वरून मराठीत साधं एक पानी पत्र जोडलं आणि ऑफिसमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्का आणि आवक नंबरासकट. हे पोच प्रकरण फार महत्त्वाचं आहे हं. तोंडी सांगितलेलं बाईंच्या चांगुलपणावर चालतं, आणि बाई रजेवर गेल्या की संपलं.

पत्रात मागितलं काय, तर पुढून दुसरा बेंच, भिंतीकडचा. फळ्यावरचा गृहपाठ त्याने उतरवला का हे सुटायच्या आधी बघून डायरीत सही. एक पान लिहून झालं की उठायची परवानगी, मग फळा पुसू दे नाहीतर ऑफिसात हजेरी पोचवू दे. आणि वही अपूर्ण राहिली म्हणून पीटीचा तास काढून घेऊ नका, कारण तो तास गेला की पुढचे दोन तास याच्यासकट बाईंचेही जातात. वर्गाबाहेर उभं करण्याचंही लिहिलं, पण नरमाईने. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, १७ व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे हे माहीत होतं, तरी पत्रात मुद्दाम टाकलं नाही, ते लागलंच तर दुसऱ्या पत्रासाठी ठेवलं.

मॅडमनी बाईंना बोलावलं, आणि बाई म्हणाल्या यातलं अर्धं मी करतेच आहे. सगळ्यात जास्त फरक पडला तो बाईंनी स्वतः काढलेल्या युक्तीने. गणिताच्या चाचणीत त्या पेपर मधोमध दुमडून त्याच्यापुढे ठेवतात, वरची गणितं झाली की तो हात वर करतो, मग उलगडायचा. आधी शेवटचा प्रश्न कायम कोरा असायचा, आता लिहितो तरी, चुकतो कधी कधी ते सोडा. हातात दाबायला दिलेला मऊ बॉल मात्र पहिल्याच दिवशी वर्गभर फिरून आला आणि शेवटी मॅडमच्या कपाटात गेला.

औषध चालू आहे, मेथिलफेनिडेट, सकाळी शाळेआधी. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतीत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो, आणि सगळ्या दुकानांत मिळत पण नाही. दुपारी भूक मरते, डबा तसाच परत येतो, म्हणून बाईंना सांगून ठेवलंय की खा खा म्हणून मागे लागू नका, तो घरी येऊन चार पोळ्या हाणतो. औषधाचं शाळेला सांगायचं की नाही यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत, मी सांगितलं, कारण डबा बघून बाईंचा फोन आलाच असता.

आता पाचवीला बिल्डिंग वेगळी, मुख्याध्यापक वेगळे आणि तासागणिक शिक्षक बदलणार. जुन्या पत्राची पोच फाईलला लावून ठेवलीय, डॉक्टरांकडून नवीन तारखेचं पत्र मे महिन्यातच घेणार, आणि पेपर दुमडायची युक्ती बाईंकडून त्यांच्याच अक्षरात लिहून मागितलीय, कारण आईने सांगितलेलं वेगळं आणि बाईंनी बाईंना सांगितलेलं वेगळं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या घटक चाचणीच्या आत वर्गशिक्षकांना गाठायचं. गणिताचे सर कडक आहेत म्हणे, बघू.