तव्यावरचा तांबडा

विहीर खणताना चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा थर संपला की खाली पिवळसर, हाताला साबणासारखी लागणारी माती येते. आम्हा गोव्यातल्या पेडण्याच्या मुलांना तिचं कसलं कौतुक? १९८४ साली मी आठवीत असताना चित्रकलेच्या सरांनी तीच माती डबाभर वर्गात आणली. शिपाईमामांचा स्टोव्ह मागून घेतला, त्यावर लोखंडी तवा ठेवला आणि भाकरीचं पीठ भाजावं तशी ती माती परतायला लागले.

पहिली काही मिनिटं नुसता ओल्या मातीचा वास. मग तव्याच्या कडेला नारिंगी झाक आली, ती सरकत मधोमध गेली, आणि बघता बघता सगळी माती विटकरी तांबडी झाली. आम्ही चाळीस मुलं बाकांवर चढून बघत होतो, पण सर कुणाला ओरडले नाहीत. "पाणी गेलं," एवढंच म्हणाले. पिवळ्या मातीतलं लोह पाण्याशी बांधलेलं असतं. ताप लागला की ते पाणी सुटतं आणि गेरूचा लाल उरतो. पुढे रसायनशास्त्रात हे सूत्रासकट शिकलो, पण मला ते समजलं त्या तव्यावरच.

पुढचं काम आठवडाभर चाललं. माती बादलीत ढवळायची, जड वाळू खाली बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं. असं तीन-चार वेळा. शेवटच्या बादलीच्या तळाशी रात्रभरात जो मऊ गाळ बसे, तो वाळवून मलमलीतून चाळायचा. चाळताना सर नाकावर ओला रुमाल बांधायला लावत. हिंगूळ आणि हरताळ या रंगांना हातही लावू देत नसत. एकात पारा, दुसऱ्यात आर्सेनिक.

डिंकाचे खडे कुटून एका वाटीला दोन वाट्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी गाळून घ्यायचे. त्यात थोडा मध, म्हणजे वाळलेला रंग ठिसूळ होत नाही, आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन थेंब. घोटायला होती खिडकीची जाड काच आणि सपाट बुडाचा काचेचा पेपरवेट. गुळगुळीत काचेवर रंग नुसता घसरतो, म्हणून सरांनी गॅरेजमधून कार्बोरंडमची पूड आणून दोन्ही काचा एकमेकींवर घासून खरखरीत करून घेतल्या होत्या. घोटायला लागलं की आधी कर्रकर्र असा दाणेदार आवाज येई. अर्ध्या तासाने तो बसत जाई, पेपरवेट काचेला चिकटून ओढायला लागे, मग सर म्हणत, "आता कागदावर लाव." पट्टा वाळल्यावर बोटाला रंग आला तर डिंक कमी, चकाकून तडकला तर जास्त.

तयार रंग आम्ही तिसऱ्यांच्या शिंपल्यांत भरत असू. एकदम नाही, थराथराने. ओला रंग आकसतो, एकदाच भरला तर मधोमध भेग पडते. माझ्या पहिल्या सहा शिंपल्या जूनमध्ये पांढऱ्या लवेने भरल्या. मी लवंगेचं तेल विसरलो होतो आणि मध सढळ हाताने घातला होता. मध हवेतली ओल ओढतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलीला काय तोटा? मला रडू आलं. सरांनी त्या फेकल्या, गाळाचा उरलेला डबा माझ्यापुढे ठेवला आणि पावसात मध निम्मा करायला सांगितलं.

त्याच वर्षी ते आम्हाला मोरजीला मोरजाईच्या देवळात घेऊन गेले. तिथलं कावीकाम मी आधी पाहिलं होतं, पण नुसतं नक्षी म्हणून. चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवायची आणि ती खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. भिंतीवरचा तो लाल आणि आमच्या शिंपल्यांतला लाल एकाच घरचे, हे मला तिथे उभं राहून कळलं. लोहाचा रंग उन्हाने विटत नाही.

आज माझ्या टेबलावर विकतचे रंग आहेत, निळे आणि हिरवे तर सगळे विकतचेच. तांबडा मात्र मी दर वर्षी घरी करतो. धुवून घेतलेली माती कागदाच्या खळग्यांत दाण्यादाण्याने बसते, सपाट पसरत नाही, आणि आपली पायवाट रंगवायला मला तेच हवं असतं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला येताना त्यातल्या बारा शिंपल्या चित्रकलेच्या वर्गासाठी आणतो आहे. वापरून झाल्यावर त्या पूर्ण वाळू द्या, ओल्या असताना डब्यात बंद करू नका.