जानापाववरून ग्रस्तास्त ग्रहण : पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी

इंदुराजवळच्या जानापाव टेकडीवर ग्रहण बघायला जाणार असाल तर चष्मा इंदुरातूनच, आधी तपासून न्या. वर जे विकतात त्यावर एक रुपया घालू नका. आणि ‘मावळतीचा सूर्य आहे, नुसत्या डोळ्यांनी पाहिला तरी चालतो’ असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, मग सांगणारा कितीही शिकलेला असो.

25 ऑक्टोबर 2022. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची अमावास्या. इंदुरात ग्रहण पावणेपाचच्या सुमारास लागणार होतं आणि सहाच्या आत सूर्य ग्रस्तच, म्हणजे ग्रहण लागलेलाच, मावळणार होता. पश्चिम मोकळी हवी म्हणून जानापाव. शहरापासून अंतर 45 किलोमीटरच्या आसपास, गाडी थेट वरपर्यंत जाते. पण त्या दिवशी राऊच्या चौराह्याने जीव खाल्ला. सणाची गर्दी, त्यात ट्रक. पुढे एबी (आग्रा-मुंबई) रोड नैर्ऋत्येकडे वळतो आणि दुपारनंतर ऊन सरळ चालवणाऱ्याच्या डोळ्यांत येतं. दोनच्या आत घर सोडा, त्याहून उशीर करूच नका. गाडी चालवताना ग्रहणाचा चष्मा लावायचा नाही, त्यातून रस्ता दिसतच नाही.

आता मुख्य गोष्ट. मी गाडी लावेपर्यंत भाच्याने खाली उतरून पुठ्ठ्याचा चष्मा घेतला होता, 200 रुपयांना! लावून म्हणाला, “मामा, यातून तर समोरचं झाड दिसतंय.” मी हातात घेतला. काच नव्हतीच, कापलेली एक्स-रे फिल्म होती. डाव्या कोपऱ्यात बरगडीची फिकट कडा स्पष्ट दिसत होती. कुणाच्या तरी छातीचा फोटो कापून पोरांच्या डोळ्यांवर बांधायला विकत होते! मी पैसे परत मागितले तर विक्रेता म्हणाला, “साहब, सब ले रहे हैं।” पैसे मिळाले नाहीत. रांगेतल्या दोन-तीन कुटुंबांना तो तुकडा उजेडात धरून दाखवला, ती निघून गेली. हे करा. भांडण होतं, होऊ द्या.

चांगल्या चष्म्यावर आयएसओ 12312-2 असं, म्हणजे सूर्य बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, छापलेलं असतं, पण छापणं सोपं आहे, म्हणून घरी तपासा. लावल्यावर खोलीतलं काहीही दिसता कामा नये. फार तर प्रखर दिवा अगदी मंद दिसेल. मग दिव्यासमोर धरून फिल्मला टाचणीएवढं भोक किंवा ओरखडा आहे का बघा. असेल तर फेकून द्या. नेहमीचा काळा गॉगल बाद, काजळी धरलेली काच बाद, सीडी बाद. वेल्डिंगची काच चालते, पण 14 नंबरची. गल्लीतल्या वेल्डरकडे सहसा त्याहून कमी नंबरची असते. दुर्बीण असेल तर फिल्टर तिच्या पुढच्या तोंडाला लावायचा. चष्मा लावून दुर्बिणीत बघितलंत तर दुर्बिणीने एकवटलेलं ऊन चष्मा जाळून डोळ्यात जाईल.

लोकांना वाटतं, सूर्य झाकला गेला म्हणजे निवला. निवत नाही. उरलेल्या कोरीचा डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) पडणारा प्रकाश तेवढाच तीव्र असतो, फक्त डाग कोरीच्या आकाराचा पडतो. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे जळताना काही समजत नाही. काही तासांनी, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, नजरेच्या मधोमध डाग दिसतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. पुष्कळांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींचं नाही. क्षितिजाला टेकलेला लालबुंद गोळा मंद असतो हे खरं, पण ग्रहणाचा बराचसा वेळ सूर्य त्याच्या वर असतो. त्या दिवशी फटाक्यांचा धूर होता, मध्येच वाऱ्याने हवा साफ झाली की तोच सूर्य एकदम डोळ्यांवर यायचा.

एक काकू परातीत हळदीचं पाणी घेऊन बसल्या होत्या, भोवती नातवंडं. हा प्रकार सगळ्यात वाईट, आणि मावळतीला तर फारच. सूर्य डोक्यावर असताना पाणी दोन टक्के प्रकाश परतवतं. तोच 10 अंशांवर आला की तिसरा हिस्सा परतवतं, आणि आणखी खाली गेला की त्याहूनही जास्त. हळदीने पृष्ठभागावरची चमक कमी होत नाही. काकूंना हे सांगून आमचा एक चष्मा दिला. नातवंडं आळीपाळीने बघत राहिली.

आमच्याकडचा सगळ्यात कामाचा प्रकार फुकटचा होता. आरशाच्या तुकड्यावर 5 मिलिमीटर भोकाचा कागद चिकटवला आणि कवडसा पूर्वेकडच्या, सावलीतल्या भिंतीवर टाकला. 20 मीटरवर जवळजवळ 18 सेंटीमीटरचा सूर्य उमटतो, आणि त्याचा तोडलेला लचका लहान पोरालाही दिसतो. भिंतीवर तो दिसला तेव्हा जो ओरडा झाला, त्यासाठी मी राऊचा जाम पुन्हा सोसेन. आरशात मात्र कुणाला डोकावू देऊ नका.

टेकडीवरचं मंदिर बंद होतं, चहा नव्हता. पाणी घरून न्या. उतरताना अंधार पडतो, घाई करू नका.

22 जुलै 2009 चा खग्रास पट्टा इंदुरावरूनच गेला होता, पण आषाढातले दिवस. 2 ऑगस्ट 2027 लाही पश्चिम भारतात खंडग्रास आहे, तेही पावसाळ्यातच. चष्मा आत्ताच घेऊन कडक पाकिटात ठेवा. खंडग्रासात तो एक क्षणही काढायचा नाही. आधी लावायचा, मग वर बघायचं, आणि मान खाली घालूनच काढायचा. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी तो याच्या आत ठेवावा.

चुकून कुणी उघड्या डोळ्यांनी बघितलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताची चौकटीची वही समोर धरून एकेक डोळा झाकून बघायला सांगा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधला चौकोन गायब असला तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरकडे न्या. मेडिकलवरून थेंब आणून घालत बसू नका.